पाय पाहिजेत

मॅनेजर खरं तर कधीच मॅनेजर नव्हते. ते सहायक मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आणि त्यातला 'सहायक' बिल्डिंगच्या फाटकापाशीच गळून पडला. लोक 'मॅनेजर' म्हणून हाक मारू लागले. ती दुरुस्त करून समोरच्याला ओशाळवाणं करायचं, इतका काही मॅनेजरांचा स्वभाव कठोर नव्हता.

निवृत्तीनंतर त्यांच्या मनाने एकच गोष्ट घेतली: पायटेकू. म्हणजे खुर्चीत बसल्यावर पाय टेकवायचं बुटकं लाकडी स्टूल, वर मऊ गादी. मॅनेजर उंचीने बेताचे. ऑफिसातली खुर्ची मात्र कुणा धिप्पाड माणसाला डोळ्यापुढे ठेवून केलेली. सगळी नोकरी त्यांचे पाय अधांतरी लोंबकळत गेले. ज्याचे पाय जमिनीला लागत नाहीत त्याचं बोलणं कुणी मनावर घेत नाही, असं त्यांचं स्वानुभवाचं मत होतं आणि आपली बढती तिथेच अडली अशी खात्रीही होती.

पायटेकूला लागतं काय? चार पाय, एक फळी, फोम आणि कापड. फळ्या मॅनेजर स्वतः कापणार होते. बाकीचं कुठून आणायचं, हा प्रश्न होता.

"बाबा, उन्हात वणवण कशाला करताय? नेटवर टाका. माल पुरवणारी माणसं घरबसल्या मिळतील," लेक म्हणाली आणि ऑफिसला जाता जाता त्यांना खातं उघडून देऊन गेली.

मॅनेजरांनी सकाळभर खपून जाहिरात लिहिली. 'पाय पाहिजेत. चार-चारच्या संचात. सरळ, मजबूत, एका मापाचे. नियमित पुरवठा करू शकणाऱ्यांनीच संपर्क साधावा. जुने चालणार नाहीत.'

दुपारपर्यंत उत्तरांचा पाऊस पडला. एका खाटकाने विचारलं, बकऱ्याचे की मोठे? एका हाडांच्या दवाखान्यातून पेशंटचं वय विचारलं गेलं. शाळेतल्या एका मित्राने, ज्याचं तोंड चाळीसेक वर्षांत दिसलं नव्हतं, जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून 'धीर सोडू नकोस' असं कळवलं. संध्याकाळी समोरचे प्राध्यापक मुद्दाम घरी आले, चहा घेतला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "साखर आहे का हो तुम्हाला? वेळीच दाखवलंत तर पाय वाचतो."

मॅनेजरांनी दात-ओठ खात जाहिरातीत 'लाकडी' हा शब्द घातला. मग मात्र माणसं मिळाली. लाकडाचे गोल पाय यंत्रावर कातून देणारा एक कातारी मिळाला, तो फार कमी बोलायचा. फोमवाल्या बाई मिळाल्या. त्या प्रत्येक गोष्टीला "पण का?" असं विचारल्याशिवाय पुढे सरकत नसत. एक कापडवाला मिळाला आणि सगळं इकडून तिकडे नेणारा टेम्पोवाला. या चौघांचा मॅनेजरांनी ग्रुप काढला आणि त्याला 'पायटेकू परिवार' असं नाव दिलं. पहिलाच संदेश सव्वा पानी होता. त्यात शिस्त, वक्तशीरपणा आणि परस्पर सौहार्द यांबद्दल क्रमवार सूचना होत्या. उत्तरादाखल टेम्पोवाल्याने गुलाबाचं फूल पाठवलं. फोमवाल्या बाईंनी विचारलं, "सौहार्द कशाला?"

ग्रुपमध्ये आणखीही एकजण होता.

तो केव्हा आला, हे कुणालाच सांगता आलं नाही. मॅनेजरांना वाटलं, लेकीने घेतला असेल. लेकीला वाटलं, बाबांनी घेतला असेल. त्याच्या नावाच्या जागी नुसतं एक टिंब होतं. फोटोच्या जागी करडा गोल. नंबर उघडायला गेलं की फोन जरा वेळ विचारात पडायचा आणि पुन्हा मागच्या पानावर यायचा. असेल कुणी नवशिका, नाव टाकायचं राहिलं असेल, असं म्हणून मॅनेजरांनी तो विषय सोडला. बायकोने त्याचं नाव 'टिंबभाऊ' ठेवलं. अनोळखी माणसाला नात्यात ओढल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

पहिली अडचण लगेचच आली. कातारीने लिहिलं, "साहेब, मशीनचा पट्टा तुटला. नवा यायला आठवडा जाईल." मॅनेजर वक्तशीरपणावरची सूचना पुन्हा पाठवायच्या बेतात होते. तेवढ्यात टिंबाखाली पहिल्यांदा एक शब्द उमटला.

"होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी पायांचा गठ्ठा ठेवलेला होता. सरळ, मजबूत, एका मापाचे. मॅनेजरांनी एक पाय हातात घेतला आणि चटकन खाली ठेवला. तो कोमट होता.

"ऊन लागलं असेल," बायको म्हणाली. फाटकावर अजून ऊन आलेलं नव्हतं. पण सकाळच्या वेळी वाद नको म्हणून मॅनेजरांनी गठ्ठा उचलला.

मग हे वारंवार होऊ लागलं. फोमवाल्या बाईंच्या गोदामात पाणी शिरलं. "होईल." दाराबाहेर फोम. कापडवाला कुणाच्या तरी लग्नाला गेला. "होईल." एक दिवस बायको बाल्कनीत झाडांना पाणी घालताना सहज म्हणाली, "शेवाळी रंग छान दिसला असता नाही पायटेकूला?" दुसऱ्या दिवशी त्याच बाल्कनीत, त्याच कुंड्यांच्या मध्ये शेवाळी कापडाचा तागा उभा होता. बाल्कनी दुसऱ्या मजल्यावर होती.

मॅनेजरांनी टिंबाला बिल मागितलं. "होईल." पत्ता मागितला. "होईल." एकदा चिडून लिहिलं, "आपण कोण?" त्यावर मात्र काही आलं नाही.

बिल्डिंगचे सेक्रेटरी दिवसभर फाटकापाशी खुर्ची टाकून बसत आणि फाटक उघडं टाकणाऱ्यांना पकडत. त्यांचा तर अपमानच झाला. "माझ्या नजरेखालून माल आत जातो म्हणजे काय? मला दिसलं नाही म्हणजे तो आलाच नाही," ते म्हणाले. ताग्याकडे बोट दाखवलं तेव्हा म्हणाले, "हा इथलाच असेल."

प्राध्यापकांनी शास्त्रीय खुलासा केला. "फोन ऐकतो. सगळ्यांचेच ऐकतात. तो पत्र्याच्या डब्यात ठेवून घट्ट झाकण लावा." मॅनेजरांनी फोन डब्यात ठेवला. दोन नातेवाइकांचे फोन डब्यातल्या डब्यात वाजून गेले आणि त्यावरून घरात बोलाचाली झाली. पण त्याच दुपारी आरामखुर्चीत पडल्या पडल्या मॅनेजरांच्या मनात आलं, पायटेकूची उंची बोटभर कमी हवी. ते तोंडाने एक अक्षरही बोलले नव्हते. पुढच्या गठ्ठ्यातले पाय बोटभर कमी निघाले.

मॅनेजर बराच वेळ ते माप धरून बसले. मानेवरून कुणीतरी हळूच फुंकर घालावी तसं त्यांना वाटलं. त्या दिवसापासून त्यांनी मनात विचार आणायचंच सोडून दिलं. ते जड गेलं नाही असं बायको म्हणाली, पण तिचाही आवाज जरा बसला होता.

याच सुमाराला नोंदणी कचेरीचं प्रकरण निघालं. नोंदणीशिवाय माल कोणतंच दुकान ठेवून घेईना, म्हणून मॅनेजर नमुन्याचं पायटेकू काखेत मारून कचेरीत गेले. तिथे रांगेत उभे असताना त्यांची नजर खाली गेली आणि ते थबकले. उंच लाकडी खिडक्या, खालून मोकळ्या, त्यांच्यामागे उंच स्टुलं, आणि प्रत्येक स्टुलावरून दोन-दोन पाय अधांतरी लोंबकळत होते.

त्यांनी नमुना खिडकीच्या बाजूने आत सरकवला. तिथल्या हेडक्लार्क बाईंनी चपला काढून त्यावर पाय ठेवले, आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले.

"सगळ्या खिडक्यांना एकेक लागेल," बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"देतो ना! लगेच देतो!"

"नोंदणी झाल्यावर. नोंदणी नसलेल्या वस्तूवर कर्मचाऱ्याला पाय ठेवता येत नाही." बाईंचे पाय होते तिथेच राहिले. "माल पुरवणारे किती?"

"चार. म्हणजे तसे पाच."

"पाचव्याचं नाव?"

"टिंब."

"पूर्ण नाव सांगा."

"तेच पूर्ण आहे. पूर्णविरामासारखं."

बाईंनी एक डोळा उघडला. "हे बघा, पुरवठादार खिडकीसमोर उभा राहिला पाहिजे. प्रत्येकाचा चेहरा दिसला की शिक्का. बिनचेहऱ्याची सोय आमच्याकडे नाही."

मॅनेजर घरी आले आणि त्यांनी टिंबाला लिहिलं. खूप वेळ खाडाखोड करून साधंच लिहिलं, "एकदा भेटायला या. चेहरा दाखवायचा आहे."

'होईल' आलं नाही.

सकाळी बायको उठून बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने मारलेली हाक ऐकून मॅनेजर अनवाणीच धावले. जेवणाच्या टेबलावर पायटेकू रचलेली होती. सुटे भाग नव्हते, अगदी तयार पायटेकू, एकावर एक, छताला टेकतील इतकी. फळीसुद्धा मॅनेजरांनी कापलेली नव्हती. मोजली, तर कचेरीच्या खिडक्यांइतकीच. दाराची कडी आतून लागलेली होती, खिडक्या बंद होत्या.

"अहो, म्हणजे ऑर्डर झालीच की," बायको हळूच म्हणाली.

झालीच होती. नुसती टेम्पोत भरायची होती. मॅनेजरांनी एक पायटेकू खाली घेऊन त्यावर पाय ठेवले. इतकं मऊ, इतकं बरोबर त्यांचं स्वतःचं पायटेकू कधीच झालं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातून काही घडतंय असं वाटायला लागलं होतं, आणि आता यात त्यांचा हातच कुठे नव्हता.

दुपारी दाराची बेल वाजली. दारात कातारी उभा होता, काखेत पायांचा गठ्ठा. मागे फोमवाल्या बाई, कापडवाला, टेम्पोवाला. इतके दिवस नुसते अंगठे आणि गुलाब पाठवणारी ही माणसं मॅनेजर पहिल्यांदाच बघत होते.

"साहेब, मशीन कधीच दुरुस्त झालं. पट्टा बदलला," कातारी म्हणाला. "पण तुम्ही विचारतच नाही. मी लिहायच्या आत त्यांचं 'होईल' येतं. मी लाकूड आणून ठेवलंय. त्याचं काय करू?"

"माझंही तेच," टेम्पोवाला म्हणाला. "माल आपोआप येतो म्हटल्यावर मी काय नुसती फुलंच पाठवायची?"

मॅनेजरांनी टेबलाकडे हात केला. चौघंही पुढे झाले. कातारीने एक पायटेकू उलटं केलं, पायावरून बोट फिरवलं आणि खिडकीशी उजेडात नेलं. त्याला परत यायला वेळ लागला.

"साहेब, हे कातलेलं नाही."

"मग?"

"यावर हत्याराची रेघ नाही. कुठेच नाही. हे असंच वाढलंय."

कापडवाला कापडाची कडा शोधत होता. त्याला कडा सापडेना. धागा सुरू कुठून झाला आणि संपला कुठे, तेही दिसेना. फोमवाल्या बाईंनी गादी अंगठ्याने दाबली. ती खाली गेली, थांबली, आणि सावकाश वर आली. मग कुणी दाबलेली नसताना पुन्हा जराशी खाली गेली आणि वर आली. बाईंनी हात मागे घेतला. त्यांनी पहिल्यांदाच "पण का?" असं विचारलं नाही.

शेवटी मॅनेजरच उठले. आवाज ताठ करून म्हणाले, "ही आपली नाहीत. ऑर्डर गेली तरी चालेल. आपण आपली करू. याला ग्रुपमधून काढतो."

काढायच्या आधी त्यांनी रीतसर निरोपाचा संदेश लिहिला. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार, काही अपरिहार्य कारणं, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मग टिंबावर बोट ठेवून 'काढून टाका' दाबलं. टिंब गेलं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. फोन पुन्हा उघडला तर टिंब होतं तिथेच होतं. पुन्हा काढलं. पुन्हा होतं. कापडवाल्याने आपल्या फोनवर बघितलं, तिथेही होतं.

"तो जात नसेल तर आपण जाऊ," फोमवाल्या बाई म्हणाल्या.

मग एकेक जण ग्रुप सोडू लागला. यातही सरळ काही झालं नाही. टेम्पोवाला बाहेर पडला, चुकून परत आत आला, आणि सवयीने त्याने गुलाबही पाठवला. शेवटी मॅनेजर आणि टिंब दोघंच उरले. मॅनेजरांचं बोट बटणावर होतं, आणि तेवढ्यात टिंबाखाली अक्षरं उमटली: 'लिहीत आहे'.

सगळे फोनवर वाकले. 'लिहीत आहे' तसंच राहिलं. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. शब्द सापडत नसलेल्या माणसाचं होतं तसं.

"अहो, थांबा जरा," बायको म्हणाली. "एक शब्द बोलणारा माणूस आज एवढं काय लिहितोय? त्याला काहीतरी सांगायचंय."

मॅनेजर थांबले. मग त्यांची नजर टेबलावरच्या त्या श्वास घेणाऱ्या गादीवर गेली. धीर सुटला. त्यांनी बटण दाबलं.

मान वर केली तेव्हा टेबल रिकामं होतं. कुणाच्या डोळ्यांदेखत काही गेलं नव्हतं, पण एकही पायटेकू तिथे नव्हतं.

त्यानंतर मॅनेजरांनी पुरवठ्याची सगळी व्यवस्था पायी केली. सकाळी कातारीकडे, तिथून फोमच्या गोदामात, परत येताना कापडाचं दुकान. त्यांना कळलं की कातारी यंत्रापाशी असला की भरपूर बोलतो. फोमवाल्या बाईंच्या "पण का?"ला सरळ उत्तर दिलं की त्या दुसऱ्यांदा विचारत नाहीत. दोन पायटेकू डगमगली, एकाची गादी उलटी ठोकली गेली, तीन शेवाळीऐवजी निळी झाली. कचेरीच्या खिडकीसमोर चारही चेहरे ओळीने उभे राहिले, हेडक्लार्क बाईंनी प्रत्येकाकडे निरखून पाहिलं आणि शिक्का मारला. सगळ्या खिडक्यांमागचे पाय खाली टेकले. रांग काही त्यामुळे भराभर सरकायला लागली नाही, पण मॅनेजर त्या दिवशी घरी येताना जरा उंच दिसत होते, असं बायकोला वाटलं.

आणि मग एका सकाळी सेक्रेटरी तावातावाने दारात आले.

"गच्चीवर खांब कुणी उभे केले? परवानगी घेतली होती?"

मॅनेजर आणि बायको गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीला टेकून चार पाय उभे होते. गोल, सरळ, एका मापाचे, टाकीपेक्षाही उंच. मॅनेजरांनी हात लावला. कोमट होते.

त्यांनी फोन करून चौघांना बोलावून घेतलं. कातारीने टेप लावली, ती अपुरी पडली, म्हणून शिडी आणून पुन्हा लावली. खाली उतरून तो कपाळ पुसत म्हणाला, "घडण आपल्या पायटेकूचीच आहे. पण साहेब, यावर जो पाय टेकवणार, तो बसलाय कुठे?"

सगळ्यांनी एकदमच वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ कुणाला मान खाली घालवेना.

"म्हणजे हेच लिहीत होता तो," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सगळ्यांचं करून दिलं, मग स्वतःसाठी मागायला गेला आणि त्याला शब्द सुचेनात. आणि आपण निघून आलो. नुसते पाय आणून ठेवलेत बिचाऱ्याने. बाकीचं आपल्याकडून हवंय त्याला."

"वहिनी, पण..." टेम्पोवाल्याने सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

मॅनेजरांनी घसा साफ केला. "गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले. "करून द्यायचं."

तितकी मोठी फळी एकसंध मिळेना, म्हणून जोडून केली. फोमवाल्या बाईंनी गोदामातला सगळ्यात जाड फोम काढला. कापडवाल्याने शेवाळी ताग्यांवर तागे शिवले. टेम्पोवाल्याने फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या आणि जिन्यावरून ते सगळं वर चढवताना प्राध्यापकांच्या दाराचा रंग गेला. सेक्रेटरींनी अर्ज मागितला. मॅनेजरांनी अर्ज केला: 'गच्चीवर एक पायटेकू ठेवण्यास परवानगी मिळावी. वापरणारे गृहस्थ बिल्डिंगमध्ये राहत नाहीत. फाटकातून ये-जा करणार नाहीत.' ते वाचून सेक्रेटरींनी सही केली. फाटक उघडं राहणार नव्हतं, तेवढ्याने त्यांचं समाधान झालं.

संध्याकाळी उजेड असतानाच सगळे खाली उतरले. गच्चीचं दार बायकोने नुसतं लोटून घेतलं.

सकाळी सगळे पुन्हा वर गेले, कुणी कुणाला न बोलावता. पायटेकू होतं तिथेच होतं. कातारी शिडी लावून चढला, मॅनेजर त्याच्या मागोमाग. गादीवर शेजारी शेजारी दोन खोल खळगे पडले होते. प्रत्येक खळग्यात एक माणूस आरामात निजला असता. मॅनेजरांनी वाकून तळवा टेकवला. अजून ऊब होती.

त्यांनी वर तोंड करून, एखाद्या चांगल्या दुकानदाराने विचारावं तसं मोठ्याने विचारलं, "उंची बरोबर आहे ना?"

वारा पडलेला होता. खाली फाटक कुणीतरी उघडलं आणि व्यवस्थित लावून घेतलं.

कातारी दोन्ही खळग्यांत आळीपाळीने हात घालून बघत होता.

"साहेब, डावा पाय जरा जड टाकतात ते."

"दमले असतील," खालून बायको म्हणाली.

मॅनेजरांनी शिडीवरूनच फोमवाल्या बाईंना हाक मारली. "बाई, डावीकडे फोम वाढवावा लागेल."

बाईंनी काहीही न विचारता टेप काढली आणि त्या शिडीची पहिली पायरी चढल्या.